पाच फूट नऊच्या वरची स्थळं

सापगाव, ता. शहापूर
१४ नोव्हेंबर १९९८

प्रिय माधुताई,

तुला नमस्कार आणि गिरजाआत्यालाही. आमची भाताची झोडणी उरकली. बाबा आता ओट्यावर बसतात आणि येईल त्याला सांगतात, "नमी कंप्युटरवर लग्नं जुळवते." जुळलं अजून एकही नाही, पण त्यांना कोण सांगणार?

नोकरीचं तुला नीट सांगते. आपल्या समाजाच्या वधू-वर मंडळाने शहापूरच्या बाजारात भांड्यांच्या दुकानावर एक खोली घेतलीय. तिथे कंप्युटर आहे, त्याच्यावर जरीचा रुमाल आहे आणि शेजारी मी आहे. चिटणीस म्हणजे आपले काळूराम तात्या, रिटायर हेडमास्तर. कंप्युटरला हात लावत नाहीत, पण त्याच्यासमोर चपला काढून बसतात. कल्याणच्या एका माणसाने प्रोग्रॅम बनवून दिला आणि तो मस्कतला निघून गेला. त्यामुळे आता जे काही आहे ते माझ्या गळ्यात.

काम सोपं आहे. फॉर्मवरचं वय, शिक्षण, उंची भरायची. मग मुलीचं नाव दाबलं की तिच्याहून उंच मुलांची यादी येते. जवळच्या उंचीचा आधी, मग त्याच्या वरचा, असं क्रमाने. मुलाचं नाव दाबलं की त्याच्याहून कमी उंचीच्या मुलींची येते. मुलगा उंचीने वरच हवा हा तात्यांचा नियम. आधी ते वह्या उलटत बसायचे आणि संध्याकाळपर्यंत डोकं धरायचे.

आत्याने तुझा फॉर्म पाठवला तो मी माझ्या हाताने भरला. पाच फूट नऊ इंच, म्हणजे ५.९. आता बघ, लग्न लागतं की नाही.

तुझी,
नमू

*

सरळगाव, ता. मुरबाड
६ डिसेंबर १९९८

नमे,

तुझं पत्र मिळालं आणि त्याच्या पाठोपाठ तात्यांचं कार्ड. त्यात लिहिलंय, "चि. माधुरी हिच्या उंचीस अनुरूप स्थळ मंडळाकडे नाही. कंप्युटरने संपूर्ण शोध घेतला आहे." संपूर्ण या शब्दाखाली रेघ मारलीय.

मला काय वाटायचं ते वाटून झालंय गो. बालवाडीतली पोरं मला झाडबाई म्हणतात, मी त्यांना खांद्यावर घेऊन पेरू काढायला लावते. आमचं बरं चाललंय. पण आईचं तसं नाय. इतके दिवस बायका बोलायच्या, एवढ्या लांबड्या पोरीला नवरा कुठून आणणार, तेव्हा आई पदर खोचून भांडायची. घरी यायची ती जिंकूनच यायची. आता कार्ड वाचल्यापासून गप्प आहे. काल मला म्हणाली, "माणसं खोटं बोलतात. मशीन कशाला बोलंल?"

भांडायला समोर कोणी नाय, म्हणून ती अशी बसून राहते. मला ते बघवत नाय. तू तिथेच बसतेस, तर एकदा परत बघशील का?

तुझी,
माधुरी

*

सापगाव
१५ डिसेंबर १९९८

प्रिय माधुताई,

मी परत बघितलं. तुझं नाव दाबलं, पडदा रिकामा. कंप्युटर चुकत नाही गं, आपल्यातच उंच मुलं नसतील तर तो तरी कुठून आणणार? रागावणार नसशील तर एक विचारते. उंची थोडी कमी लिहू का? पाच-सात? समोरासमोर बसल्यावर कोण मोजायला जातंय?

आज माझं डोकं ठिकाणावर नाही. दुपारी एक माणूस आला, किन्हवलीचा, वीज मंडळात लाइनमन आहे. धनेश नाव. जिना चढून दारात आला तो वाकूनच. नमस्कार नाही, काही नाही. म्हणाला, "मॅडम, तुमच्या कंप्युटरला मी दिसतो का?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे तीन मुली दाखवल्यात. तिन्ही माझ्या कोपरापर्यंत. आईने फॉर्मवर उंच मुलगी पाहिजे म्हणून लिहिलंय."

मी म्हटलं, "आपल्या समाजात मुली बुटक्याच असतात. मीही आहे."

तर मला खालपासून वरपर्यंत बघून म्हणतो, "ते दिसतंय."

शिडी कुठला! मीही ऐकवलं की कंप्युटर खोटं बोलत नाही, तुम्हीच खांबावरून खाली उतरा. तात्या चष्मा काढून दोघांकडे बघत राहिले. तो गेला तर त्याची पिशवी इथेच राहिली. म्हणजे परत येणार.

तुझी,
नमू

*

सरळगाव
२२ डिसेंबर १९९८

नमे,

उंची कमी लिहायची नाय. पाच-सात लिहिलंस तर आलेल्या पाहुण्यांसमोर दोन इंच मी कुठं लपवू? जमिनीत पुरून घेऊ?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा रागात वाचलं म्हणून दुसऱ्यांदा वाचावं लागलं. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. तो शिडी दारातून येताना वाकला म्हणतेस. मी पण आमच्या बालवाडीच्या दारातून वाकूनच जाते. त्याला उंच मुलगी पाहिजे आणि मला उंच मुलगा. दोघांचे फॉर्म तुझ्याच टेबलावर. मग तुझ्या कंप्युटरला आमी दोघं एकमेकांना का दिसत नाय?

मला लग्नाची घाई आहे म्हणून विचारत नाय. पण हे कोडं आहे, आणि ते तुझ्या घरातलं आहे.

त्याची पिशवी दिलीस का परत?

तुझी,
माधुरी

*

सापगाव
३ जानेवारी १९९९

प्रिय माधुताई,

तू बालवाडीत का शिकवतेस? तुला कलेक्टर करायला हवं होतं.

तुझं पत्र वाचलं आणि मंडळात जाऊन पहिलं त्याचं नाव काढलं. ५.११. तुझी ५.९. आणि तरी तुझ्या यादीत तो नाही, त्याच्या यादीत तू नाहीस. त्याला पाच-एकच्या वरची एकही मुलगी दिसत नव्हती. मग मी सगळ्या मुलांची उंची एकाखाली एक छापून काढली. क्रम काय आला बघ: ५.०, ५.१, ५.१०, ५.११, ५.२, ५.३... आणि सगळ्यात शेवटी ५.९. पाच फूट अकरा इंचांचा माणूस पाच फूट दोन इंचांच्या माणसाच्या खाली उभा!

मी कपाळाला हात लावला. प्रोग्रॅम बनवणाऱ्याने उंची आकडा म्हणून ठेवलीच नव्हती, अक्षरं म्हणून ठेवली होती, जसं नाव किंवा गाव ठेवतात. आणि अक्षरं असली की कंप्युटर ती शब्दकोशासारखी लावतो. डावीकडून एकेक अक्षर बघतो. ५ सारखा, टिंब सारखं, मग १ आणि ९. एक लहान, विषय संपला. पुढचं अक्षर तो बघतच नाही. म्हणून तुझ्या वर त्याला कोणी सापडेना. तुझ्या वरची मुलं होती गं, तो त्यांना खाली ठेवून बसला होता.

मी हे बडबडत होते तेव्हा शिडी पिशवी न्यायला आलेला. कागदाकडे बघून म्हणाला, "म्हणजे मी पाच-दोनच्या खाली?" आणि असा हसला की खालचा भांडीवाला वर बघायला आला. रागावेल असं वाटलेलं.

तर आता काळजी मिटली. मी उंचीचं खातं अक्षरांचं होतं ते आकड्यांचं केलं. दोन घरं दशांशाची ठेवली आणि यादी परत छापली. मी नीट तपासायच्या आतच तात्यांनी ती हातातून घेतली. त्यात त्यांना खर्डीचा एक मुलगा सापडला, शेखर, उंची ५.१०. किराणा दुकान आहे, घरचे चांगले. त्यांनी लगेच कार्ड टाकलं. पाहुणे तुमच्याकडे सतरा तारखेला येतील.

धनेशचंही नाव सुचवता आलं असतं. पण त्याने मंडळात येऊन आवाज चढवला ना, म्हणून तात्या म्हणाले, त्याला जरा थांबू दे. मलाही तेच बरं वाटलं.

आत्याला सांग, मशीन खोटं बोलत होतं. भांडायला मोकळी आहे.

तुझी,
नमू

*

सरळगाव
१९ जानेवारी १९९९

नमे,

पाहुणे येऊन गेले. सगळं सांगते, पण आधी बस.

आईने दोन दिवस घर सारवलं. म्हशाच्या जत्रेतून आणलेल्या नव्या कपबश्या काढल्या. शेजारच्या दोन बायकांना मुद्दाम बोलावून ठेवलं, ज्यांच्याशी ती भांडायची त्याच. रिक्षा थांबली. एक म्हातारे गृहस्थ उतरले, एक बाई उतरल्या, एक छोटे गृहस्थ उतरले. आई अजून रिक्षाकडे बघत होती. तिला वाटलं, नवरामुलगा आत वाकून बसलाय आणि आता उतरेल. रिक्षा निघून गेली.

छोटे गृहस्थ म्हणजेच शेखर. पाच फूट एक इंच. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले. अशा वेळी मुलीने मान खाली घालायची असते. मला घालावीच लागली, त्याशिवाय तो दिसत नव्हता.

शेजारच्या बाईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता जमीन फाटली तरी मी तिच्यात मावायची नाय. तेवढ्यात तो शेखरच म्हणाला, "ताई, मला कागदावर एवढं मोठं कोणी केलं?"

मी म्हटलं, "माझ्या मामेबहिणीने."

"त्यांचे आभार सांगा. आमच्या घरात एवढी उंची कोणाला मिळाली नव्हती."

मग जे हसायला सुटलो ते आईसुद्धा हसली. कार्ड आल्यापासून पहिल्यांदा. ताई म्हटल्यावर पुढचा प्रश्नच मिटला. त्याने पोहे दोनदा घेतले, जाताना आईला म्हणाला, "खर्डीला आलात तर दुकानात या." फार चांगला माणूस आहे. त्याला त्याच्या मापाची चांगली मुलगी शोध, हे माझं काम समज.

आणि आता सांग, पाच-एकचा पाच-दहा झाला कसा? फूट बारा इंचांचा असतो ना गो?

अजून एक. त्या लाइनमनला थांबवायला तात्यांनी सांगितलं, ते समजलं. तुला का बरं वाटलं, ते नाय समजलं.

तुझी,
माधुरी

*

सापगाव
३१ जानेवारी १९९९

प्रिय माधुताई,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. आत्याला तोंड कसं दाखवू तेच कळत नव्हतं. तू हसून लिहिलंस म्हणून निदान लिहायला बसले.

तू विचारलंस तेच. मी अक्षरांचा आकडा केला, पण तो चुकीचा आकडा झाला. आकड्यांत ५.१ आणि ५.१० एकच. पाच पूर्णांक एक दशांश, मागे शून्य लावा की न लावा. दोन घरं दशांशाची ठेवली म्हणून शेखरच्या ५.१ पुढे कंप्युटरने स्वतःहून शून्य लावलं, आणि पाच फूट एक इंच वाचताना पाच फूट दहा इंच झाले. त्याच्या शेजारी खरे पाच-दहावाले उभे होते, दिसायला अगदी तसेच. आपण लिहितो तो मुळात दशांश नव्हेच. डावीकडे फूट, उजवीकडे इंच, मध्ये नुसतं टिंब. कंप्युटरला वाटतं फूट दहाचा. तुझं नाव तेव्हाच दाबून बघितलं असतं तर पडदा रिकामाच दिसला असता आणि शेखर वाचला असता.

आता उपाय एकच होता. फूट काढूनच टाकायचे. सगळ्यांची उंची इंचांत, टिंबाचं नाव नको. पण कंप्युटरमधल्या ५.१ आणि ५.१० ची खिचडी झालेली, त्यामुळे सगळे कागदी फॉर्म पहिल्यापासून परत भरायला लागणार होते. तात्या म्हणाले, "महिना जाईल."

सव्वीस जानेवारीला सुट्टी होती. झेंडावंदन करून मी मंडळात गेले तर धनेश जिन्यात बसलेला. म्हणाला, "मी वाचतो, तुमी टाईप करा." दिवसभर बसला. तो वाचायचा, "पाच-सात", मी म्हणायचे "सदुसष्ट". थोड्या वेळाने तोच बाराने गुणून सांगायला लागला. एका फॉर्मवर मुलाने उंचीच्या जागी 'भरपूर' लिहिलं होतं, त्यावर आम्ही किती वेळ हसलो, तात्या पेपर वाचता वाचता खाकरले. लाइटच्या खांबावर असताना खाली भात कसं दिसतं ते तो सांगत होता. असो.

संध्याकाळी सगळं झालं. अठ्ठावन्नपासून एकाहत्तरपर्यंत सरळ यादी, शाळेच्या रांगेसारखी. तुझं नाव दाबलं. एकोणसत्तरच्या वरची तीन मुलं आली, दोन सत्तर इंचांची आणि एक एकाहत्तर. सत्तरवाला एक खर्डीलाच शाळेत शिकवतो, दुसऱ्याची वासिंदला नोकरी आहे.

एकाहत्तर म्हणजे धनेश. तोच तुला सगळ्यात शोभेल. आईला उंच सून हवीय, घरी शेत आहे, स्वभावाने तापट वाटतो पण नाही. मीच तात्यांना सांगून कार्ड टाकलंय. चौदा फेब्रुवारीला येतील. चांगला मुलगा आहे, ताई. नाही म्हणू नकोस.

तुझी,
नमू

*

सरळगाव
१६ फेब्रुवारी १९९९

नमे,

आला होता तुझा एकाहत्तर. त्याची आई जनाबाई, वडील आणि तो. आमच्या दारातून वाकून आत आला, मी स्वयंपाकघरातून वाकून बाहेर आले. शेजारच्या दोघी बघतच राहिल्या. जनाबाईंनी मला बघितलं आणि तिथेच पसंत केलं. म्हणाल्या, "माझ्या माळ्यावरची पातेली आता मला मिळतील."

मग आमाला दोघांना बोलायला परसात पाठवलं. वालाच्या वेलापाशी उभे राहिलो. मी विचारलं, काम कसं आहे. तो म्हणाला, चांगलं आहे, पण मॅडमचं काम जास्त कठीण. मी विचारलं, वाचायला आवडतं का. तो म्हणाला, मॅडमनी एक कंप्युटरचं पुस्तक दिलंय, ते वाचतोय. मी म्हटलं, आमच्याकडे यंदा वाल चांगला आला. त्याने शेंग तोडून हातात फिरवली आणि म्हणाला, "मॅडमना आवडतात का वाल?"

तेव्हा मी सरळच विचारलं. म्हटलं, "तुमी आलात कशाला?"

खाली बघून म्हणाला, "मॅडमनी कार्ड टाकलं. नाय आलो असतो तर त्यांना वाटलं असतं, यादी परत चुकली."

"आणि उंच मुलीचं काय?"

"ते आईचं आहे. पातेली मी देतोच की काढून."

नमे, मला हसू आवरेना. मग तो पण हसला, आणि घरात सगळ्यांना वाटलं की जमलं. मी आत गेले आणि आईला म्हटलं, मला हा मुलगा नको. आईने डोळे वटारले. मग मी तिला कानात कारण सांगितलं. तेव्हा म्हणाली, "भावाच्या पोरीसाठी असंल तर ठीक आहे. नायतर तुला सोडली नसती."

तुला एक सांगू? आजवर लोक मला बघून जायचे आणि निरोप यायचा की नाय. किंवा निरोपच यायचा नाय. या वेळी पहिल्यांदा मी नाय म्हटलं. आणि ते म्हणताना वाईट वाटलं नाय, कारण अजून दोन नावं आहेत. तू बनवलेल्या त्या सरळ यादीचा मला झालेला फायदा हा आहे, नवरा मिळो न मिळो. निवडायला मिळालं गो.

खर्डीच्या शिक्षकाला येऊ दे. घाई नाय म्हणावं, पण येऊ दे.

आणि तू मला "नाही म्हणू नकोस" असं लिहिलंस ते शेवटचं पत्र काढून वाच. नेहमी तू चार पानं लिहितेस. त्या माणसावर आलीस तिथे पेन अडखळलंय. मी बालवाडीत शिकवते, मला अडखळलेलं अक्षर कळतं.

तुझी,
माधुरी

*

सापगाव
१४ मार्च १९९९

प्रिय माधुताई,

महिनाभर पत्र लिहिलं नाही, कारण काय लिहायचं तेच कळत नव्हतं. तू असं काही लिहितेस आणि मग मी मंडळात त्या खुर्चीत बसायचं कसं? धनेश दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा मी कंप्युटरच्या मागे लपल्यासारखी बसले. तिसऱ्यांदा आला तेव्हा वाल घेऊन आला. म्हणाला, "तुमच्या ताईंनी दिलेत." तू दिलेस?

मी म्हटलं, "ताईने नाही कसं सांगितलं तुम्हाला?"

तो म्हणाला, "त्या म्हणाल्या, तुमी माझ्या मापाचे आहात, पण कामाचे नाय."

तेवढ्यात तात्या मधे बोलले. पेपराआडून म्हणाले, "नम्रता, तुझा फॉर्म कुठाय?" मी म्हटलं, मी तर इथे कामाला आहे. ते म्हणाले, "म्हणून लग्न करायचं नाही का? भर." धनेश समोर उभा, तात्या समोर बसलेले. मी वय भरलं, शिक्षण भरलं, उंची एकसष्ट भरली. तात्या पहिल्यांदाच उठून माझ्या खुर्चीमागे आले आणि म्हणाले, "दाब."

यादी आली. बासष्टवाला, बासष्टवाला, त्रेसष्टवाला... मुलंच मुलं, एका पडद्यावर मावेनात. जवळची उंची आधी, हा त्यांचाच नियम. तात्या मोठ्याने एकेक नाव वाचायला लागले. हे चांगलं स्थळ, हा ग्रॅज्युएट, हा पोस्टात. आणि पडद्याच्या खाली, कितीतरी खाली, एकाहत्तर. तिथपर्यंत पोचायला त्यांना संध्याकाळ झाली असती. धनेश खिडकीतून खालची भांडी बघत होता, पण कान इकडेच होते.

मी म्हटलं, "तात्या, यादी उलटी लावू का?"

ते म्हणाले, "लागते?"

"लागते. आता सगळे आकडे बरोबर आहेत, कुठूनही लागते."

आणि लावली.

खर्डीच्या शिक्षकाबद्दल तू एकाच ओळीत लिहून पाठवलंस, "येऊन गेले, परत येणार आहेत." ताई, मलाही अडखळलेलं अक्षर कळायला लागलंय.

बाबा आणि मी पाडव्याला तिकडे येतोय. किन्हवलीहून एक माणूस बरोबर असेल, दारात वाकायला त्याला सांगावं लागत नाही.

तुझी,
नमू